मिरगाचं बी

मोबाइल अ‍ॅपची रचना हा माझा व्यवसाय. पुण्यात बसून बँकांच्या, दवाखान्यांच्या अ‍ॅपचे स्क्रीन आखते. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावला, माझ्या माहेरी, परसबागेसाठी अ‍ॅप करायला घेतलं तेव्हा काम सोपं वाटलं होतं. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, मग कुणाच्या परसात काय आहे तेवढंच दाखवायचं.

पहिला नमुना घेऊन गल्लीतल्या मावशींपुढे बसले. फोन नातवाचा, काच कोपऱ्यात तडकलेली. ‘लागवडीचा महिना निवडा’ असं मी लिहिलं होतं. मावशींनी बोट उचललं, पण टेकवलं नाही. “जून काय इचारतीस माय? वाळूक मिरगाच्या पाण्यावर लावतेत.” मृग ७-८ जूनला लागतो हे कॅलेंडर सांगतं, पण मिरगाचं पाणी म्हणजे त्या दिवसांत प्रत्यक्ष पडलेला पाऊस, आणि बियाला लागते ती ओल. त्या रात्री मी महिने काढून टाकले, नक्षत्रं ठेवली, आणि ‘आपल्याकडे पाऊस झाला का?’ हा एकच प्रश्न वर आणला.

दुसरी चूक मोठी होती. अ‍ॅपवरून कुणाला बी दिलं की गुण मिळतील, असं ठेवलं होतं. शहरातल्या अ‍ॅपमध्ये हे चालतं. इथे आठवडाभरात बायकांनी बी सांगणंच बंद केलं. वाटीभर वाल दिल्याचा हिशेब चारचौघांत मांडलेला त्यांना आवडला नाही, आणि ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं त्या मागायलाही लाजल्या. मी गुण काढून टाकले.

टाइप करणंही काढलं. बटण दाबून वीस सेकंद बोलायचं, नेटवर्क आलं की निरोप जातो. प्रत्येक निरोपात मात्र एक प्रश्न सक्तीचा ठेवला: बी घरचं की पाकिटातलं? संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या पिढीत तेच फळ येईल याची खात्री नसते. एखादीने ते विश्वासाने दुसरीला दिलं, तर तिचा हंगाम जातो आणि शब्दही जातो.

याहून नाजूक गोष्ट परागाची. वाल, चवळीची फुलं बहुतेक आपापल्यातच फळतात, त्यामुळे त्यांचं बी शुद्ध राहतं. दुधीचं तसं नाही. माझ्या परसातला लांब दुधी आणि शेजारणीचा गोल दुधी, पराग या अंगणातून त्या अंगणात जातो आणि धरलेल्या बियातून पुढे तिसरंच काहीतरी येतं. म्हणून अ‍ॅपवर ‘यंदा दुधी कोणता लावलाय?’ हा प्रश्न शेजारच्या घरांनाच जातो. माझ्या मते सबंध अ‍ॅपमधला हाच सर्वांत गरजेचा निरोप आहे.

देवाणघेवाणीचं हे जाळं काही मोबाइलने आणलेलं नाही. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, तो शेतकऱ्यांनी एकमेकांचे अनुभव वाटून घेण्यावरच. द्राक्ष बागायतदारांनी तो मोठा केला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बँक उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी राज्याच्या ‘उमेद’ अभियानाने बचत गटांमधून पोषण परसबागांची मोहीम घेतली. बायकांना वाफा आखायला शिकवायची गरज फारशी नाही. हवं असतं ते नेमकं बी, नेमक्या आठवड्यात.

एक अडचण मला पूर्ण सोडवता आलेली नाही. अ‍ॅप अंतर मीटरमध्ये मोजतं. गावात वस्ती-वस्तीतलं अंतर वेगळंच असतं. साठ मीटरवरच्या दारात जायला काहींना पिढ्या लागल्या आहेत. मी यादीत आडनावं दाखवत नाही. फक्त बी, गल्ली, आणि ‘सांजच्याला घरी’ एवढंच. नाव तिथे दारात गेल्यावरच कळतं.

यंदा आर्द्रा लागल्यावर आमच्या दाराची कडी वाजली. पलीकडच्या वस्तीतली एक बाई, पदराच्या गाठीत राख लावलेल्या दोडक्याच्या बिया. आईने तिला आत बोलावलं, चहा टाकला आणि घरातली चवळी मोजायला परात खाली घेतली.