आवाज येतोय, चित्र नाही

टीव्ही पूर्ण बंद पडला असता तर बरं झालं असतं. आमच्या 43 इंची संचातून मालिकेतली सासू सुनेला झापताना स्वच्छ ऐकू येत होती, पडदा मात्र काळाकुट्ट. वॉरंटी कधीच संपलेली. सर्व्हिस सेंटरवाल्याने फोनवरच निदान केलं, "पॅनेल गेलं असणार." त्याने सांगितलेल्या खर्चात थोडी भर घातली की नवा टीव्हीच आला असता. शेजारचे काका म्हणाले, भंगारात द्या. आणि भाचा म्हणाला, "मावशी, घरीच उघडू."

त्याने खोलीतले दिवे घालवले, मोबाइलची बॅटरी पडद्याला टेकवली आणि मला वाकून बघायला लावलं. अंधुक का होईना, चित्र होतं! सासूचं मंगळसूत्रसुद्धा दिसलं. एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. मागच्या एलईडी पट्ट्यांच्या प्रकाशावर तो चालतो. दिवाळीच्या जुन्या माळेसारखं, ओळीतला एक दिवा गेला की सगळी ओळ अंधारात. म्हणजे पॅनेल शाबूत, बॅकलाइट गेलेला. आणि पट्ट्यांचा सेट पॅनेलच्या मानाने फारच स्वस्त.

मला चेव चढला. पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मी स्वतः बदलला आहे. घरात त्या पराक्रमाचा उल्लेख मीच अधूनमधून करते. मग उघडण्याचे व्हिडिओ बघितले आणि चेव उतरत गेला. मागचं झाकण काढणं सोपं. पण पट्ट्या असतात पॅनेलच्या पोटात, म्हणजे आधी ती पातळ काच उचलायची. तिच्या कडेला कागदासारख्या फिती चिकटवलेल्या असतात. एखादी फाटली किंवा सुटली की पडद्यावर कायमच्या रेघा, आणि ते घरी जुळवता येत नाही. त्यामागे प्रकाश पसरवणारे पांढरे कागद. त्यांचा क्रम चुकवायचा नाही, बोट उमटवायचं नाही. शिवाय पॉवर सप्लायच्या बोर्डावरचा मोठा कपॅसिटर. घरातल्या 230 व्होल्टचे त्यात सव्वातीनशेच्या आसपास होतात, काही संचांत त्याहून जास्त, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच दबा धरून बसतात.

सगळे मला एकच विचारत होते, "जमेल का?" याचं उत्तर न उघडता कसं द्यायचं, मला कळेना. फसलं तर काय जाईल, हे मात्र सांगता येत होतं. पंख्यात फार तर आणखी एक कपॅसिटर. इथे अख्खं पॅनेल.

टीव्ही बुधवार पेठेतल्या एका दुकानात नेला. बॅटरीच्या उजेडात चित्र दिसतं म्हटल्यावर कारागिराने मान वर केली. "मग पॅनेल चांगलंय, ताई. पट्ट्या सगळ्याच बदला, एकाच वयाच्या आहेत. आणि घरी बॅकलाइट कमी ठेवा, शंभरवर जळतात." आता तो साठावर आहे. यांना चित्र फिकं वाटतं; वाटू दे.

भाचा रुसला होता. त्याला मिक्सर दिला, कपलर झिजलेला.

"बिघडला तर काय जाईल?"

"कपलरच. तो तर गेलेलाच आहे."

"मग खोल."

बराच वेळ झटापट केली, पण कपलर हलेना. आटे उलटे आहेत, उजवीकडे फिरवा, हे शेवटी स्वयंपाकघरातून सासूबाईंनी सांगितलं.