मोहरीएवढा तुकडा

बायोप्सी म्हटले की आमच्या घरांत एकच अर्थ निघतो : कॅन्सर. आपाच्या बारा वर्षांच्या मुलीच्या आतड्याचे तुकडे तपासायला गेले, तेव्हा मोहल्ल्यातल्या बायका अर्ध्या रडतच भेटायला आल्या. मुलगी दोन वर्षे वाळत चालली होती. हिमोग्लोबिन सातवर अडलेले. लोहाच्या गोळ्यांनीही हलेना. तावीज झाला, जंताचे औषध झाले, 'मुली अशाच असतात' हेही झाले. (मुलींच्या बाबतीत हे निदान सर्वांत आधी होते, वर्गातही मी हेच पाहते.)

रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून कागद माझ्या हातात आला. "कॅन्सर तो नहीं ना?" आपाने विचारले. तसे त्यात काही नव्हते. 'मार्श ३ बी' असे लिहिले होते आणि शेवटी एक ओळ : लक्षणांशी व इतर तपासण्यांशी पडताळून पाहावे. ही ओळ कोणी वाचत नाही. खरी गोष्ट तिच्यातच असते.

लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. एकेक केस जेमतेम मिलिमीटरभर. डॉक्टर तिला व्हिलाय म्हणतात. अन्नाचे सत्त्व तिच्यातूनच रक्तात जाते. निरोगी आतड्यात या लवेची उंची मुळाशी असलेल्या खळग्यांच्या खोलीच्या सुमारे तिप्पट असते. आजारात आधी अस्तरात पांढऱ्या पेशी वाढतात, मग खळगे खोल होतात, मग लव झडते. १९९२ मध्ये मार्श यांनी या पायऱ्या मांडल्या. १९९९ मध्ये ओबरहुबर यांनी तिसरीचे ए, बी, सी असे भाग केले. आमची 'बी', म्हणजे लव बरीच झडलेली.

पण लव का झडली, हे तुकडा एकटा सांगत नाही. गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा सीलिअॅक, आपल्याकडचा ट्रॉपिकल स्प्रू, जिआर्डियाचे जंतू, तिघांतही भिंगाखाली असेच चित्र दिसू शकते. उपचार मात्र वेगळे. स्प्रू फॉलिक अॅसिड आणि टेट्रासायक्लीनने काही महिन्यांत आटोक्यात येतो. सीलिअॅकमध्ये गहू जन्मभर बंद. चुकीचे नाव पडले तर पोरीच्या ताटातली चपाती उगाच जाणार, नाहीतर तीच चपाती तिला आतून झिजवत राहणार.

एका नातेवाइकाने सुचवले, "गहू बंद करून तर पाहा." डॉक्टरांनी अक्षरशः हात जोडले. तपासणी पुरी होण्याआधी गहू सोडला की लव भरू लागते, रक्तातल्या प्रतिपिंडांचे प्रमाण उतरते आणि मग खरे काय ते कळणे अवघड होते. रक्ताची ती तपासणी, टीटीजी, आठवड्याने आली. प्रमाण खूप वाढलेले. जिआर्डिया सापडला नव्हता. आता नाव पक्के झाले : सीलिअॅक.

त्यानंतरचा प्रश्न स्वयंपाकघराचा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात. भाकरीचे घर असल्याने एवढे बरे. जव चालत नाही, म्हणून तलबीना गेला. हलीम गेला. समोसे गेले. गेल्या रमजानात अम्मीने तांदळाच्या शेवयांचा शिरखुर्मा केला, तो दुल्हेभाईंना मुळीच आवडला नाही. पोरीने मात्र दोन वाट्या संपवल्या. हिंगाच्या डबीत बऱ्याचदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे आम्हांला कुणालाच ठाऊक नव्हते. डबीवरची बारीक अक्षरे आता तीच वाचते. चष्मा न लागलेली घरात तेवढी तीच.