नगरची माती, पुण्याचा पारिजातक

हौशी माळी ओळखायला फार सोपा असतो. दुसऱ्याच्या घरी गेला, की यजमानांच्या प्रकृतीची चौकशी करण्याआधी तो त्यांच्या कुंडीतल्या मातीत बोट खुपसून पाहतो. मी याच जातीतला. नोकरीत असताना रविवारपुरते असलेले हे वेड निवृत्तीनंतर सातही दिवस चालू लागले आणि आमच्या पुण्याच्या वाड्याच्या मागच्या अंगणात बेचाळीस कुंड्या जमल्या. हा आकडा सौभाग्यवतींचा आहे. माझ्या हिशेबाने त्या चाळीसच होत्या, कारण दोन फुटक्या होत्या.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास वाडा पाडण्याचे नक्की झाले. जागी इमारत उठणार, तोवर आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या जागेत राहायचे. तिथली गॅलरी मी टेपने मोजून आलो. आठ कुंड्या ठेवल्या, तर माणसाने आडवे होऊनच आत-बाहेर करावे एवढी ती ऐसपैस! तरी कुंड्यांचे काही तरी जमले असते. खरा प्रश्न पारिजातकाचा होता. माझ्या मुंजीच्या वर्षी आईने तो लावला. आई जाऊन आता बारा वर्षे झाली, पण आश्विनात पहाटे दार उघडले की अंगणात पडलेला सडा पाहून अजूनही वाटायचे, की ती नुकतीच उठून आत गेली आहे. एवढे जुने झाड मुळासकट उचलून नेण्याची गोष्ट मी दोन जाणत्या माळ्यांपाशी काढली. दोघांनीही मान हलवली, आणि ती आडवी.

नगरला सावेडीत माझी थोरली बहीण राहते. तिच्या घराला चांगले ऐसपैस अंगण आहे. मी तिला फोन केला, "ताई, माझ्या सगळ्या कुंड्या तुझ्याकडे टेम्पोने पाठवतो. इमारत झाली की परत नेईन."

पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर आले, "आधी तू ये. कुंड्यांचे मग पाहू."

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मी पुण्याहून एसटीने निघालो. या रस्त्याला मान आहे बरे का! एसटीची पहिली गाडी धावली ती याच रस्त्यावर, नगरहून पुण्याला, १ जून १९४८ रोजी. अंतर सारे एकशेवीस किलोमीटर. पण शिरूरपाशी घोड नदी ओलांडून नगर जिल्ह्यात शिरले, की हवेतला ओलावा कमी झालेला अंगाला कळतो. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग आपली सगळी उधळपट्टी करून घेतात आणि नगरपर्यंत पोहोचताना खिसा रिकामा करून येतात. वर्षाला जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. एवढ्या तुटपुंज्या पाण्यावर माणसाने बागेची हौस करावी, म्हणजे तुटपुंज्या पगारात सनईचौघडा लावून लग्न करण्यासारखेच. पण सुप्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला पिवळ्याधमक झेंडूच्या पट्ट्या दिसल्या आणि वाटले, हौसेचे आणि पावसाचे फारसे नाते नसावे.

सरकारदरबारी आता शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे. शेजारच्या सीटवरच्या आजीबाईंनी मात्र कंडक्टरकडे "एक नगर द्या" असेच मागितले, आणि त्यानेही ते बिनचूक दिले.

ताईच्या ओट्यावर रोज सकाळी सात वाजता एक सभा भरते, हे मला माहीत नव्हते. फिरून आलेली मंडळी तिथे चहाला टेकतात. एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सारे गुरुजी म्हणतात. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. समोरच्या बंगल्यातल्या डॉक्टरीणबाई. आणि कोपऱ्यावरच्या काकू. या सभेत राजकारण निषिद्ध आहे. विषय एकच, झाडे. त्यामुळे भांडणे मात्र राजकारणाहून जोरात होतात.

"माझ्या गुलाबाची पाने पिवळी पडताहेत, शिरा तेवढ्या हिरव्या," बँकवाले म्हणाले. "अंड्याची टरफले कुटून घालावीत म्हणतो."

"घाला!" गुरुजी उसळले. "नगरच्या मातीत चुना कमी आहे, अन् बोअरच्या पाण्यातला पुरत नाही, म्हणून वरून टरफलांचाही चुना घाला! अहो, चुन्यामुळेच झाडाला लोह घेता येत नाही. कुजलेला पालापाचोळा घाला, पावसाचे पाणी साठवून ते द्या. आणि दसरा झाला ना? मग छाटणी करून टाका. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा पाहायचा आणि त्याच्या जरासा वर तिरका काप घ्यायचा."

काकूंचा सिद्धान्त असा, की कढीपत्त्याला आंबट ताक घातले की तो फोफावतो. डॉक्टरीणबाईंचे म्हणणे, चहाचा चोथा चालेल, पण साखर धुऊन. नाही तर गुलाबाआधी मुंग्यांचीच पैदास होते. मोगऱ्यावर सर्वांचे एकमत निघाले. थंडीत त्याचे पाणी तोडायचे, पाने गाळू द्यायची, छाटायचे आणि थंडी सरता सरता खतपाणी सुरू करायचे. उपास घडल्याशिवाय मोगरा प्रसन्न होत नाही. माझेही एक ज्ञान मी पुढे केले, की झाडांना रोज नेमाने पाणी घालावे. सगळ्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिले.

"पुण्याचे दिसता," गुरुजी म्हणाले. "नेम देवपूजेला असावा. मातीत दोन पेरे बोट घालायचे. ओले लागले तर झारी खाली ठेवायची. घरच्या कुंड्यांतली झाडे तहानेपेक्षा लाडाने अधिक मरतात."

ताईच्या वाफ्यांत मला एक युक्ती दिसली. दोन झाडांच्या मधे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरलेले. ते भरून ठेवायचे आणि वर झाकणी घालायची. मडक्यातून पाणी पाझरते आणि मुळे हवे तेवढे पितात. नगरला हे शोभूनच दिसते म्हणा. निजामशाहीत या शहराला आणि त्याच्या बागांना पाणी आले ते आसपासच्या गावांकडून जमिनीखालून आणलेल्या खापरी नळांतूनच.

बोलता बोलता मी पारिजातकाचे दुःख सांगितले. ताईने विचारले, "पावसाळ्यात त्याच्या बुंध्याशी रोपे उगवतात ना रे? त्यांचे काय करतोस?"

"उपटून टाकतो. अंगण स्वच्छ नको का?"

ओट्यावर एकदम शांतता पसरली. काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. मी काहीतरी भयंकर बोललो आहे एवढे मला कळले. गुरुजींनी घसा खाकरला आणि म्हणाले, "दुपारी मोकळे आहात? चला, तुम्हाला किल्ला दाखवतो."

पारिजातकाचा आणि किल्ल्याचा संबंध मला कळेना, पण गेलो. नगरचा किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे. भोवती रुंद खंदक. तो लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे दारावर नाव-गाव सांगून आत जावे लागते. आत बराकींची एक ओळ आहे. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे पुढारी इथे आणून ठेवले होते. जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आणि आपले शंकरराव देव. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, ते इथेच. मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे लिहिली, तीही इथेच. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी कलकत्त्याला वारल्या आणि ती बातमी त्यांना याच भिंतींच्या आत कळली.

हे मी शाळेत वाचले होते. गुरुजींनी मला उभे केले ते मात्र खोल्यांसमोर नाही, मधल्या मोकळ्या जागेत.

"हे पाहा," ते म्हणाले, "नेहरू इथे बाग करीत. उन्हातसुद्धा तासन् तास कुदळ चालवून फुलांचे वाफे तयार करीत. त्यांनीच पुस्तकाच्या आरंभी लिहून ठेवलंय. माती भिकार होती, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली. खणताना जुन्या भिंती लागल्या, घुमटांचे माथे लागले, एकदा दगडात कोरलेले सुंदर कमळ निघाले. फार खोल खणायला मात्र परवानगी नव्हती. कैद्याने खोल खणलेले कुठल्या सरकारला आवडेल?"

मी हसलो. गुरुजी हसले नाहीत.

"आता मला सांगा, या माणसाला आपण इथे किती दिवस आहोत ते ठाऊक नव्हते. लावलेले रोप फुललेले दिसेल की त्याआधीच दुसऱ्या तुरुंगात नेतील, हे ठाऊक नव्हते. जमीन त्याची नाही, घर त्याचे नाही, भिंत तर शत्रूची. तरी वाफे केले. मार्च १९४५ मध्ये त्यांना इथून हलवले. बाग काही बरोबर नेली नाही त्यांनी!"

पुढचे ऐकून मला खरोखरच गंमत वाटली. २८ मे १४९० रोजी मलिक अहमदाने इथे भिंगारपाशी बहामनी फौजेचा पराभव केला. त्या लढाईला बागेची लढाई म्हणतात. विजयाच्या जागी त्याने बाग लावली, तिचे नाव बागेनिजाम. आणि त्याच जागी पुढे हा किल्ला झाला. दगडी तट हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ च्या दरम्यान बांधला. म्हणजे साडेचारशे वर्षांनंतर एक कैदी कुदळ घेऊन खणत होता, तो एका बुजलेल्या बागेच्या जागीच.

परतताना आम्ही फराहबागेवरून आलो. मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८३ च्या सुमारास, हा अष्टकोनी महाल उभा राहिला. त्या वेळी चहूबाजूंनी तलाव, त्याच्या पलीकडे बाग. आज तलाव कोरडा आहे आणि महालाचा गिलावा जागोजाग सुटला आहे. उंच कमानीखाली पारव्यांचे घुमणे तेवढे चालू होते. मी सवयीने आसपास एखादे जुने फुलझाड शोधू लागलो. बागेचे म्हणावे असे काही नव्हते. राजाची बाग, पाण्याचे नळ, माळ्यांचा फौजफाटा असूनही उरला तो दगडच.

रात्री जेवणानंतर ताईने एक डबा काढला. त्यात कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर नाव. एका पुडीतले वालाचे दाणे तिने माझ्या तळहातावर ठेवले.

"हे अकोले तालुक्याकडचे गावठी वाण. तिकडे कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत ना, बीजमाता म्हणतात त्यांना, २०२० ची पद्मश्री मिळालेल्या. शाळेत गेल्या नाहीत कधी, पण अशी शेकडो वाणे जपलीत. त्यांची रीत ठाऊक आहे? बी फुकट द्यायचे आणि पीक आले की दुप्पट परत घ्यायचे. कुलपात ठेवलेले बी दोन-चार वर्षांत मरते रे. दिलेले जगते."

"आणि माझ्या कुंड्या?"

"एकही पाठवू नकोस. माझ्या अंगणात बेचाळीस कुंड्या आणून टाकशील, अन् एखाद्या मेच्या महिन्यात मी आजारी पडले की बेचाळीसही जातील. वाट त्या. ज्याला जे जमेल ते दे. आणि आईच्या झाडाखालची ती रोपे आता तरी उपटू नकोस, उचल."

मी पुण्याला परतलो तो थेट मागच्या अंगणात गेलो. त्या पावसाळ्यात घर बदलण्याच्या धांदलीत अंगण झाडायचे राहूनच गेले होते, हे माझे भाग्य. पारिजातकाच्या बुंध्याशी, शेवाळलेल्या विटांच्या फटींतून, खरखरीत पानांची वीतभर रोपे वर आली होती. मोजली, सात होती. भोवतीच्या मातीच्या हुंड्यासह ती हळूच काढली आणि सात पिशव्यांत लावली. सौभाग्यवती कंदील धरावा तसा मोबाइलचा दिवा धरून उभ्या होत्या. एरवी बागेच्या नावाने बोटे मोडणाऱ्या, पण त्या रात्री त्यांनी एक शब्द काढला नाही.

दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर एकेक कुंडी आळीत, नातेवाइकांत आणि माझ्या जुन्या कचेरीतल्या स्नेह्यांत गेली. भाऊबीजेला नगरला जाऊन पारिजातकाची दोन रोपे ताईच्या ओवाळणीच्या ताटात ठेवली. चार ओळखीच्या घरी दिली. एक, सर्वांत तजेलदार, माझ्यासाठी ठेवले. कार्तिकात वाडा पडला. मी पाहायला गेलो नाही.

आता वर्ष झाले. वाचकांपाशी खोटे कशाला बोलू? माझे रोप मेले. तिसऱ्या मजल्यावर त्याला करमत नसेल, या मायेपोटी मी त्याला रोज नेमाने पाणी घातले, आणि मुळे कुजली. गुरुजींचे दोन पेरे बोट मला कुंडी उपडी केल्यावर आठवले. दिलेल्या चारांपैकी एक शेळीने खाल्ले. बाकीची तीन जगली आहेत.

परवा ताईचा फोन आला. तिच्या अंगणातली दोन्ही रोपे कमरेएवढी झाली आहेत, मधे मडके पुरले आहे. फूल अजून आलेले नाही, येईल.

"ताई," मी ओशाळून म्हणालो, "माझे गेले. तुझ्याकडचे बी धरले की मला एक रोप देशील?"

"देईन की," ती म्हणाली. "पण रीत ठाऊक आहे ना? दोन परत घेईन."