एकाच बागेपुढे दोघं

निसर्गचित्रकार म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे खेड्यात जाऊन राहिलेला, माणसं टाळणारा एकांडा माणूस उभा राहतो. मी उघड्यावर बसून रंगवणाऱ्यांपैकी आहे आणि मला ही समजूत पटत नाही. बाहेर काम करताना खरी अडचण ऊन-वाऱ्याची नसते. आपण समोरचं झाड बघतोय की हातात बसलेलं झाड गिरवतोय, हे एकट्याला कळत नाही. शेजारी दुसरा कोणी तेच झाड रंगवत असला, तर मात्र लपवायला जागा उरत नाही. कामीय पिसारो आणि पॉल सेझान या दोन चित्रकारांचं पोंत्वाझमध्ये हेच झालं, असं मी मानतो.

पोंत्वाझ हे पॅरिसच्या वायव्येला वाझ नदीकाठचं बाजाराचं गाव. पिसारो १८७२ मध्ये तिथे परत आला. त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान असलेला सेझान त्याच वर्षी मागोमाग पोहोचला आणि पुढे जवळच्या ओव्हेरला राहिला. तोवर सेझानच्या कॅनव्हासवर काळपट रंगांचे जाड थर असत, आणि विषय बहुधा डोक्यातलेच. इथे त्याने पिसारोने १८७१ मध्ये रंगवलेलं लूव्हसिएन गावाचं दृश्य समोर ठेवून त्याची नक्कल केली. पॅलेट उजळलं, आणि डोक्यातल्या नाट्यांची जागा समोरच्या घरांनी, रस्त्यांनी घेतली.

यावर कोणी म्हणेल, ही तर सरळ शिकवणी झाली, मैत्री कसली? पण १८७५ च्या सुमारास पिसारोच पॅलेट नाइफने रंग थापू लागलेला दिसतो, म्हणजे सेझानची जुनी खोड त्याने उचलली. १८७७ मधली दोघांची पोंत्वाझमधल्या मोबुइसाँच्या बागेची चित्रं शेजारी ठेवून बघावीत. पिसारोच्या चित्रात फुललेल्या झाडाचे पांढरे ठिपके इतके दाट, की मागची टेकडीवरची घरं त्यांच्याआडून डोकावतात. सेझानला बहराची फारशी ओढ नाही. त्याची नजर भिंती, छपरं आणि त्यांच्या कडांवर. नुसती शिकवणी असती तर शेवटी एकाच हाताची दोन चित्रं निघाली असती. आम्ही सतत बरोबर असायचो, पण प्रत्येकाने आपली संवेदना जपली, अशा आशयाचं पिसारोने १८९५ मध्ये आपल्या मुलाला लिहिलंही होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सेझानची सर्वांत मोठी चित्रं नंतर प्रोव्हान्सात, एकट्याने झाली. खरं आहे, आणि सोबत जन्मभर हवीच असं मी म्हणत नाही. पण पिसारो जाऊन तीन वर्षं झाल्यावर, १९०६ मध्ये, प्रोव्हान्सातल्याच एक्स शहरातल्या प्रदर्शनाच्या सूचीत सेझानने स्वतःची ओळख ‘पिसारोचा शिष्य’ अशी दिली. सदुसष्टीच्या माणसाने, तेही आपल्याच गावात, उगाच असं लिहून घेतलं नसतं. पिसारोला मात्र असा शेजार लागायचाच. पंचावन्नाव्या वर्षी तो आपल्याहून जवळजवळ तीस वर्षांनी लहान असलेल्या सोरा या चित्रकाराची ठिपक्यांनी रंगवण्याची पद्धत शिकला, आणि काही वर्षांनी ती सोडूनही दिली.