मनगटावरचा हिशेबनीस

त्याची आधी पाठ बघावी, तोंड नंतर. तोंडाने सगळेच चकचकीत असतात: काळी काच, त्यावर रंगीत कडी, कोपऱ्यात हवामान. पाठ उलटी केली की खरा धंदा कळतो. तिथे बारीक हिरवे दिवे असतात आणि त्यांच्या शेजारी उजेड टिपणारे डोळे. दिवे लुकलुकत कातडीत हिरवा उजेड सोडतात. रक्त तो चांगला शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्ताची लाट येते आणि परत येणारा उजेड कमी होतो. लाट ओसरली की वाढतो. हा चढउतार बघायचा आणि मिनिटाला किती ते मांडायचं. याच्या जोडीला हाताची हालचाल टिपणारी एक चिप. मूळ भांडवल जवळजवळ एवढंच. झोप, ताण, खर्च झालेल्या कॅलरी, अंगात उरलेला दम, असं पुढे जे काही तो ऐटीत सांगतो त्यातलं बरंचसं याच भांडवलावर उभं असतं.

आमच्या घरी तो आईच्या डाव्या मनगटावर राहतो. दादाने न्यू जर्सीहून पाठवला. "तू फक्त घालून ठेव गं, बाकी मी इथून बघतो." हे वाक्य आमच्या डोंबिवलीतच काय, कोथरूड-पार्ल्यातही घरोघरी बोललं गेलं असणार. मुलं तिकडे, आईवडील इकडे, आणि मधे हा. पूर्वी फोनवर "तब्येत कशी आहे?" असं विचारलं की "बरी आहे" म्हणून सुटका व्हायची. आता दादाला आकडा आधी दिसतो, आईचं उत्तर नंतर ऐकू येतं.

आईने त्याला पहिल्याच दिवशी हिशेबनीस ठरवून टाकलं. पेढीवर बसलेला, मालकाने नेमलेला, दुकानातल्या माणसांना जरा नकोसा. नाव चपखल बसलं, कारण स्वभाव तोच. नाकासमोरच्या गोष्टीत तो सहसा खोटं बोलत नाही. जरा लांबचं विचारलं की मात्र आकडा रचतो. आणि दोन्ही गोष्टी एकाच गंभीर चेहऱ्याने सांगतो, ही त्याची खरी खोड.

हे नुसतं आमचं घरगुती मत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली त्याच्या सात भावंडांची परीक्षा झाली. साठ माणसांच्या मनगटांवर ती बांधून त्यांना चालवलं, पळवलं, सायकलवर बसवलं, आणि आकडे प्रयोगशाळेतल्या यंत्रांशी ताडून बघितले. ठोक्यांच्या बाबतीत सातांपैकी सहा जणांची चूक पाच टक्क्यांच्या आत निघाली. कॅलरींच्या बाबतीत मात्र सातही नापास. त्यातल्या त्यात हुशाराचा आकडा सरासरी २७ टक्क्यांनी चुकला आणि सगळ्यात ढ निघालेल्याचा ९३ टक्क्यांनी. आता ९३ टक्के चुकणाऱ्याच्या भरवशावर संध्याकाळी एक जिलबी जास्त खायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्याच्या बाजूनेही एक सांगितलं पाहिजे. ठोका त्याच्या दिव्याखालीच पडतो. कॅलरी सगळ्या देहात जळतात. तिथे त्याला वय, वजन, उंची आणि ठोके घेऊन अंदाजच बांधावा लागतो. अंदाज बांधल्याबद्दल माझी तक्रार नाही. "सुमारे" हा शब्द त्याच्या तोंडी कधी येत नाही, तेवढीच आहे.

पावलांचं प्रकरण आणखी मजेचं. पाऊल पडतं पायाने आणि हा बसलाय हातावर. त्या चिपमध्ये सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हात हलला की तो जागचा हलतो, आणि त्या हलण्यात चालण्याची लय सापडली की पाऊल जमा. म्हणजे पाय त्याने कधी पाहिलेलेच नाहीत. लय ओळखीची वाटली की झालं. म्हणून होळीच्या दिवशी पुरणपोळ्या लाटताना आई ओट्यापाशी एका जागी उभी असते आणि याच्या वहीत ती कुठल्या कुठे चालून आलेली असते. उलट फडके रोडवरून भाजीची जड पिशवी डाव्या हातात धरून घरी आली की पावलं गहाळ. हाताला झोका नाही, तर चालणंही नाही. स्टेशनचा जिना कठडा धरून चढल्यावर तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे तिकडच्या रात्री, दादाचा फोन: "काल कमी चाललीस." आई पिशवीतल्या भाजीचं वजन सांगते. ते वहीत नसतं.

शिवाय दिवसाची दहा हजार पावलं पुरी झाली की हा काचेवर फटाके उडवतो. हा दहा हजारांचा नेम कुठल्या वैद्याने घालून दिला म्हणावं, तर तो आला जपानी बाजारातून. टोकियो ऑलिंपिक झालं १९६४ साली. लोकांना व्यायामाचं वारं लागलं होतं. १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र काढलं आणि दहा हजार हा गोल, तोंडात बसणारा आकडा त्याच्या नावातच घातला. आकडा खपला आणि टिकला. पुढे २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली यांच्या गटाचा अभ्यास आला. सोळा हजारांवर अमेरिकन स्त्रिया, सरासरी वय ७२. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांचा मृत्युदर चांगलाच खाली होता, आणि साडेसात हजारांच्या आसपास तो फायदा वाढायचा थांबला. हे मी आईला वाचून दाखवलं. तिने दादाला सांगून त्याचा नेम खाली आणवला. फटाके आता भाजी आणण्याआधीच उडतात.

सामाजिक भान मात्र त्याला शून्य. बराच वेळ एका जागी बसलं की तो मनगटावर गुरगुरतो: उठा, जरा चाला. मावसभावाच्या मुंजीत पंगतीला बसल्यावर नेमका मठ्ठ्याच्या वेळी गुरगुरला. पंगतीतून शेजारच्याचं जेवण व्हायच्या आधी उठायचं नसतं, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायालाही तेच. आई अशा वेळी उजव्या हाताने त्याचं तोंड झाकते. योगायोग असा की, काचेवर हात ठेवणं हीच त्याला गप्प करायची अधिकृत खूण आहे. ती तिला कोणी सांगितली नव्हती.

बांगड्यांशी त्याचं पहिल्यापासून पटत नाही. आईच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या आणि एक सोन्याची पाटली. त्यांच्या रेट्याने पट्टा खाली सरकतो, मनगटाच्या हाडावर तिरपा होतो, पाठ आणि कातडी यांत फट पडते आणि बाहेरचा उजेड आत शिरतो. मग ठोके वेडेवाकडे. पुस्तिकेत लिहिलंय की पट्टा हाडाच्या थोडा वर, घट्ट पण न काचणारा असावा. बांगड्यांचा उल्लेख नाही. ज्याने पुस्तिका लिहिली त्याच्या डोळ्यांपुढचं मनगट उघडं होतं. गोंदणाची गोष्टही तशीच. कातडीतली गडद शाई उजेड अडवते आणि वाचन बिघडू शकतं, हे यंत्रं करणाऱ्या कंपन्याही सांगतात. त्यांच्या मनात आजच्या पोरांचे टॅटू असतील. माझ्या आजीच्या हातावर मनगटापासून वर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. तिथे याला दिवा लावूनही फारसं काही दिसलं नसतं.

कातडीच्या रंगाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. रक्तातला प्राणवायू मोजताना तो हिरवा दिवा विझवून लाल आणि अवरक्त उजेड वापरतो. कल्पना ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याची, १९७० च्या दशकातली. करोनाच्या दिवसांत घराघरांत बोटाला लावायचे चिमटे आले, त्यांच्यामागेही तीच. रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या अशा यंत्रांबद्दल डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की, प्राणवायू खरोखर घसरलेला असूनही यंत्र ठीक सांगतंय, असं काळ्या रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा घडलं. बोट चिमट्यात नीट पकडलेलं असूनही ही गत. हा तर हलत्या मनगटावर सैलसर बसून परत आलेला उजेड गोळा करतो. म्हणून गहूवर्णी, सावळ्या माणसांच्या घरात त्याचा हा एक आकडा मी जरा चिमटीत धरूनच वाचते. दादाला सांगितलंय, हा बघूच नकोस. तो बघतो.

रात्रीचा तो जास्तच कल्पक होतो. झोपेच्या पायऱ्या ठरवायच्या तर झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघतात. हा डोक्यापासून हातभर दूर. निश्चल हात आणि मंद ठोके दिसले की झोप, त्यातून गाढ झोप, स्वप्नांची झोप असे रंगीत पट्टे पाडतो. आई पहाटे जाग आल्यावर न हलता पडून मनातल्या मनात रामरक्षा म्हणते. ती याच्या वहीत बहुतेक वेळा झोपेत जमा होते. सकाळी तो तिला गुण देतो. गुण चांगले असतील तर ती हसते. वाईट असतील तर मात्र, चांगली झोपून उठलेली बाई, "काल मला झोप लागली नाही वाटतं" असं म्हणायला लागते. अशी माणसं डॉक्टरांकडेही पोचली. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी २०१७ साली त्याला ऑर्थोसोम्निया असं नावही देऊन टाकलं: झोपेचे गुण सुधारायच्या काळजीने उडालेली झोप.

घड्याळ म्हणून तो कसा आहे, हे सांगायचं राहिलंच. उत्तम आहे, पण ते श्रेय त्याचं एकट्याचं नाही. वेळ तो फोनशी जुळवून घेतो. बाबांचं एचएमटी जनता अजून कपाटात आहे, सतरा खड्यांचं, रोज किल्ली द्यायचं. किल्ली चुकली तर ते थांबायचं आणि थांबलेलं दिसायचं. हा चार्जिंग संपलं की काळा पडतो आणि आईला अपराधी वाटायला लावतो, कारण लगेच तिकडून विचारणा येते: "काढून ठेवलंस का?"

एवढं सगळं असून मी त्याला घराबाहेर काढा म्हणत नाही, याला कारण आहे. एका बाबतीत तो खरोखर सरळ वागतो. आईने उजव्या हाताचं बोट त्याच्या कडेच्या बटणावर टेकवून अर्धा मिनिट स्वस्थ बसायचं. दोन हातांच्या मधून जाणारी हृदयाची विद्युत-रेषा तो काढून देतो. डच शास्त्रज्ञ आइंथोव्हेन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच रेषा काढायचे, तेव्हा रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवलेले असत, यंत्राचं वजन पावणेतीनशे किलोच्या घरात आणि ते चालवायला पाच माणसं. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. ते सगळं बिऱ्हाड आईच्या बांगडीशेजारी मावतं, याचं मला अजून नवल वाटतं. पण त्याहून आवडतं ते असं की, इथे तो मर्यादा स्वतः सांगतो. रुग्णालयात बारा बाजूंनी बघतात, मी एकाच बाजूने बघतोय; हृदयविकाराचा झटका मला ओळखता येत नाही; छातीत दुखत असेल तर माझ्याकडे बघत बसू नका. हाच नम्रपणा त्याने कॅलरींच्या वेळी दाखवला असता तर!

मध्यंतरी आईला धडधडल्यासारखं वाटत होतं. तिने बोट टेकवून रेषा काढली आणि ती घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोनवरची रेषा मोठी करून नीट बघितली, मान हलवली. "बरं झालं आणलीत. धडधडत असतानाची मला एरवी मिळत नाही. आता झोपा काकू, आपण आपला पूर्ण ईसीजी काढू." मनगटाला चिमटे लावायचे म्हणून बांगड्या मागे सारल्या आणि हिशेबनीस उतरवला. हरवायला नको म्हणून मी तो माझ्या हातात घातला. आईचा कागद चांगला निघाला. गोळी वेळेवर घ्या, चहा कमी करा, एवढ्यावर सुटका झाली. येताना स्टँडवर रिक्षावाल्याशी मीटरवरून माझं जुंपलं आणि त्या गडबडीत तो परत द्यायचं राहून गेलं.

घरी येऊन कुकर लावतेय तोवर दादाचा फोन. तिकडे सकाळ, आवाज घाबरलेला.

"डॉक्टर काय म्हणाले? आणि नंतर काय झालं गं? आईचे ठोके एकदम एकशे तीसवर गेले होते!"

"ते माझे," मी म्हटलं. "चाळीस रुपये जास्त मागत होता."