किल्ली आणि खडक

आमच्या पळस्प्यास रस्ता दुभंगतो. एक फांटा बोरघाटाकडून पुण्यास जातो, दुसरा कर्नाळ्याच्या पायथ्यावरून कोंकणांत उतरतो. गेल्या वर्षीं वडील वारले आणि माझ्या मनाचेही असेच दोन फांटे झाले. गांवांतील एका लहानशा मारुतीच्या देवळाची किल्ली त्यांच्याकडे असे; ती आतां माझ्या हातीं आली. संध्याकाळीं दार उघडावें, दिवा लावावा, एवढेंच काम. परंतु ज्याची श्रद्धा कॉलेजांत असतांनाच डळमळली, त्यानें देवाचें दार उघडावें काय? किल्ली परत करण्याचें मीं जवळजवळ ठरविलें होतें.

अशा मनःस्थितींत एका ख्रिस्ती स्नेह्यांनीं पूर्वीं दिलेला नवा करार चाळीत असतां मत्तयाच्या सोळाव्या अध्यायापाशीं मी थबकलों. यार्देनेच्या उगमाजवळ येशू शिष्यांना विचारतो कीं, तुम्ही मला कोण समजतां? शिमोनाच्या उत्तरानें संतुष्ट होऊन तो त्याला पेत्र, म्हणजे खडक, म्हणतो. या खडकावर मंडळी उभी राहील व मृत्यूचेंही तिच्यापुढें कांहीं चालणार नाहीं, असें वचन देतो आणि स्वर्गराज्याच्या किल्ल्या त्याच्या हवालीं करतो.

हा खडक कोणता, यावर ख्रिस्ती जगांत शतकानुशतकें वाद आहे. रोमन कॅथलिक म्हणतात, पेत्र आणि त्याच्या गादीवर बसणारे पोप. प्रॉटेस्टंटांपैकीं पुष्कळ म्हणतात, पेत्रानें दिलेली श्रद्धेची कबुली. माझ्यासारख्या तिऱ्हाइतानें हा निवाडा करूं नये. मला नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. त्याच अध्यायांत थोड्याच ओळींनंतर येशू या खडकास सैतान म्हणून झिडकारतो, आणि पुढें कोंबडा आरवण्यापूर्वीं हाच पेत्र त्याला तीनदां नाकारतो. किल्ल्या ज्याला मिळाल्या तो अढळ नव्हता! शिवाय बांधण्या-सोडण्याचा जो अधिकार त्याला दिला, तोच अठराव्या अध्यायांत सर्व शिष्यांस दिलेला आहे.

खडकावर बांधलेलें सारेंच टिकतें असें नाहीं, हें पळस्पेकरांस सांगावयास नको. कर्नाळ्याचा सुळका आजही उभा आहे. परंतु वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा ज्याचे किल्लेदार होते, तो किल्ला १८१८ सालीं इंग्रजांनीं घेतला. उलट वसईकडे पाहा. तेथील ख्रिस्ती समाज पोर्तुगीज सत्तेच्या बळावर, प्रसंगीं जुलमानेंही, वाढला होता. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई जिंकली. यूरोपीय पाद्री निघून गेले आणि कोटांतील मोठमोठीं चर्चें कालांतरानें ओस पडलीं. त्यांच्या छप्पर नसलेल्या भिंती आज प्रवासी पाहावयास जातात. राजसत्ता गेली, इमारती गेल्या. मंडळी मात्र राहिली. देशी पाद्र्यांनीं तिला सांभाळलें, शेतकरी व कोळी कुटुंबांनीं प्रार्थना चालू ठेवली, आणि १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

मराठी भाषांतरकारांनीं येथें 'मंडळी' हा शब्द योजिला, तो मला फार अर्थपूर्ण वाटतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही बोलावून जमविलेली सभा असाच आहे. आपण तर घरांतल्या माणसांसही घरची मंडळी म्हणतों. मंडळींत मतभेद असतात, रुसवेफुगवेही असतात. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला, परंतु तेथील धर्माधिकाऱ्यांच्या आज्ञेपुढें आपली विवेकबुद्धि गहाण ठेवण्याचें त्यांनीं साफ नाकारलें. म्हणून त्यांनीं ख्रिस्त सोडला नाहीं. अखेरच्या वर्षांत सारें बायबल सोप्या मराठींत उतरविण्यासाठीं त्या झिजल्या. अधिकाराशीं वाद घालणारीं अशीं माणसें असूनही मंडळी टिकते. कदाचित् त्यांच्यामुळेंच टिकत असेल.

काल मला देवळांत जावयास उशीर झाला. शेजारच्या आजी पायरीवर बसून होत्या. "तुझे बाबा असते तर एव्हांना दिवा लागला असता रे," त्या म्हणाल्या. मीं निमूटपणें कुलूप काढलें. माझ्या शंका होत्या तशाच होत्या. आजींना मात्र दिवा हवा होता. किल्ली अजून माझ्याकडेच आहे.