इंजिनात पडलेला नट

आजरा,
श्रावण शुद्ध 5

चि. बाळ यास,

उद्यमनगरातल्या तुमच्या गॅरेजात टॅपेटचे झाकण उघडे असताना एक नट हातातून निसटून आत गेला, पुष्कळ शोधूनही तो मिळाला नाही, आणि ‘तेलाच्या चेंबरात जाऊन पडला असेल, काही होत नाही’ असे म्हणत सोबतच्या मंडळींनी झाकण बसवण्याचा आग्रह धरला, हे तुझ्या पत्रावरून समजले. तू मात्र अद्याप इंजिन सुरू होऊ दिलेले नाहीस हे वाचून मनापासून समाधान वाटले.

चेंबरच्या तळाशी पोचलेला नट तेलपंपाच्या जाळीमुळे सहसा पुढे जात नाही, ही गोष्ट खरी आहे; परंतु तो तळापर्यंत पोचला याचा पुरावा कोणाजवळ आहे? वाटेत टायमिंगची चेन आहे, दातेरी चक्रे आहेत, आणि प्लग काढलेला असेल तर सिलिंडरचे तोंडही उघडेच असते. 6 मिलिमीटरच्या बोल्टावरचा नट सुमारे 5 मिलिमीटर जाड असतो, आणि पिस्टन वरच्या टोकास आला म्हणजे त्याच्या व हेडच्या सपाट भागामधले अंतर कित्येक इंजिनांत जेमतेम मिलिमीटरभर उरते. इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांच्या संथ गतीने चालत असले तरी पिस्टन सेकंदाला तेरा वेळा वर येतो. तेव्हा किल्ली फिरवून ‘बघू तर खरे’ म्हणण्याइतक्या अवधीतच ॲल्युमिनियमच्या पिस्टनची आणि व्हॉल्व्हची वाताहत होऊन जाते.

आमच्या गावातल्या एका वयोवृद्ध मिस्त्रींनी असा प्रसंग कसा निभावला, ते तुला मुद्दाम कळवतो. आजऱ्यावरून आंबोलीमार्गे सावंतवाडीकडे जाणारी एक जुनी पद्मिनी मोटार भर पावसात त्यांच्या दारात बंद पडली. व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली होती. हेड न उतरवता ती बदलायची म्हणून त्यांनी प्लगच्या भोकातून सुतळी आत सोडली, पिस्टन हाताने वर आणून त्या सुतळीवर व्हॉल्व्ह टेकवून धरला, आणि स्प्रिंग दाबून व्हॉल्व्हचे लॉक काढू लागले. प्रत्येक व्हॉल्व्हला लॉकच्या दोन फाका, त्यांतली एक उडाली. मिस्त्रींनी तत्क्षणी हात थांबवला, कोणालाही पाय हलवू दिला नाही, बॅटरीची तार सोडवली, आणि आधी जमीन, मग गाडीखालचा पत्रा, मग इंजिनाचा बाहेरचा भाग, अशा क्रमाने सरकारी पंचनाम्याच्या काटेकोरपणाने तपास केला; तेव्हा कोठे विजेरीच्या उजेडात ती फाक पुशरॉडच्या भोकात खोलवर चमकताना दिसली. चुंबकाची कांडी आत घातली की ती आधी लोखंडी भिंतीलाच चिकटते. म्हणून त्यांनी पेट्रोलच्या नळीचा तुकडा कांडीवर असा चढवला की केवळ टोक उघडे राहावे, आणि फाक अलगद वर काढली. गाडीच्या मालकांना सावंतवाडीस पोचण्याची निकड होती व ते वारंवार तगादा लावीत होते. परंतु मिस्त्रींनी घडलेला प्रकार त्यांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगून टाकला होता आणि फाक हाती येईपर्यंत गाडीची किल्ली आपल्या ताब्यात ठेवली होती. माझ्या मते कारागिराची खरी प्रतिष्ठा ह्या वर्तनात आहे.

चुंबक सर्वत्र उपयोगी पडत नाही, हेही ध्यानात ठेव. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम त्याला दाद देत नाहीत. तेथे काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस लावावे किंवा स्प्रिंगचा लांब चिमटा वापरावा. हवेचा झोत मारण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण दिसत असलेली वस्तूही त्याने दिसेनाशा ठिकाणी जाते. आणि मुख्य तजवीज कामाच्या आधीचीच: तेल परतण्याची भोके स्वच्छ फडक्याने बुजवावीत, फडकी मोजून घालावीत व मोजूनच काढावीत, सुटे भाग ताटलीत ओळीने मांडावेत. विमानांच्या दुरुस्तीत प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली असते आणि ते परत जागेवर आल्याची खातरजमा झाल्यावाचून यंत्र चालवण्याची मुभा नसते. मोटारीत बसणाऱ्या माणसांच्या जिवाचे मोल काही कमी नाही.

तेव्हा आता विलंब न करता गाडीच्या मालकांना सर्व हकीकत सांग, चेंबर उतरव, तेल जाळीतून गाळून घे. तेथेही नट न मिळाला तर टायमिंगचे झाकण उघड. त्या कामाचा खर्च व वेळ यांवरून मालक रागावले, तर ते बोलणे शांतपणे ऐकून घे. मात्र नट हाती आल्याखेरीज इंजिन चालू करू नकोस, आणि आल्यावर मला चार ओळी लिही.

तुझा,
मामा